उलट्या श्रीचं घड्याळ

सिल्व्हासाला लागून असलेल्या आमलीतल्या आमच्या घरात सहा कधी एकदम वाजले नाहीत. पुढची खोली म्हणजे आप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मध्ये फुलाफुलांचा पडदा आणि मागे आम्ही. दुरुस्तीला आलेली भिंतीवरची घड्याळं आपापल्या तब्येतीप्रमाणे पुढे-मागे चालत, त्यामुळे सहाचे ठोके सुरू झाले की चार-पाच मिनिटं तेच चालू असे. एक संपवतंय तोवर दुसरं घसा खाकरल्यासारखा आवाज काढून सुरू होई. आई त्यातल्या एकावरही विश्वास ठेवत नसे. कारखान्याचा भोंगा झाला की ती तवा चढवायची. आम्ही धुळ्याकडचे. इथे चारी बाजूंनी नवीन कारखाने उभे राहायला लागले, गावाकडची पोरं कामाला आली आणि पहिल्या-दुसऱ्या पगारात प्रत्येकाने मनगटावर घड्याळ बांधलं, तेव्हा आप्पांनी हिशेब केला की ही सगळी घड्याळं एक ना एक दिवस बंद पडणार. तो बरोबर निघाला. शिफ्ट सुटली की दुकानासमोर सायकली उभ्या राहत. कोणी अहिराणीत बोले, कोणी गुजरातीत, कोणी हिंदीत, आणि आप्पा सगळ्यांना एकाच मिश्र भाषेत उत्तर देत. आई मागून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास पुढे धाडत असे. गावाकडचा एखादा मुलगा त्या वासाने घड्याळ घ्यायचं सोडून नुसताच उभा राही. मग त्याला आत बोलावून जेवायला घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज होता.

जे मला सांगायचं आहे त्याला आप्पांच्या डोळ्यांपासून सुरुवात करावी लागेल. त्यांना काचबिंदू झाला होता. हे आम्हा घरातल्या तिघांनाच माहीत होतं. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं आणि उजव्याच्या कडा अंधारत चालल्या होत्या. अर्ध्या नजरेच्या माणसाकडे घड्याळ कोण देईल? म्हणून दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून ते मला समोर बसवत. मी तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा धरून मी बारीक काम करायचे आणि ते माझ्या हाताकडे न बघता, कान देऊन सांगायचे, "दाबू नको. स्क्रू स्वतः बसतो, त्याला जागा दाखव फक्त." संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की घड्याळ त्यांच्या हातात. आप्पांना सगळे भाऊ म्हणत, आणि भाऊंचा हात काय बारीक आहे, असं बोलत. मी पडद्यामागे शाळेचं पुस्तक उघडून बसलेली असे आणि मला गुदगुल्या होत. आज एवढ्या वर्षांनी कबूल करते, त्या गुपिताचा मला फार गर्व होता. पुढे जे झालं ते बरंचसं त्या गर्वातून झालं.

लखमाबाबा आले ते होळीच्या आधी. खानवेलच्या आतल्या बाजूला त्यांचा पाडा. उंच, काळसर, पांढऱ्या मिशा, अंगात धुवून पातळ झालेला पण कडक इस्त्रीचा सदरा. बसायला सांगितलं तरी ते बाकावर अगदी कडेला, पाठ सरळ ठेवून बसले. मग कमरेच्या फडक्यातून एक घड्याळ काढून त्यांनी आप्पांच्या तळहातावर ठेवलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. आप्पांनी ते हातात तोललं आणि त्यांचा चेहरा बदलला. सोनं वजनावरून कळतं, त्याला डोळे लागत नाहीत.

"कुठून आलं हे, बाबा?"

"साहेबांचं आहे," लखमाबाबा म्हणाले. "मला दिलं."

साहेब म्हणजे डोंगरापलीकडच्या एका लहानशा संस्थानाचे राजे. संस्थान गेलं, तनखा गेला, घरचे मुंबईला गेले, पुढे साहेबांचं अर्धं अंग लुळं पडलं. लखमाबाबा त्यांच्याकडे हुजरे होते. शेवटची दोन वर्षं साहेबांना उचलणं, न्हाऊ घालणं, घास भरवणं सगळं त्यांनी केलं. एक दिवस साहेबांनी चालत्या हाताने बंद पडलेल्या हातावरचं घड्याळ सोडवायला घेतलं. त्यांना जमेना, तेव्हा लखमाबाबांनीच पट्टा सोडला. "आता तू बांध, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मला घड्याळ बघता येत नाही. तर म्हणाले, मलाही आता बघायचं नाही."  वीस वर्षं त्यांनी ते ट्रंकेत ठेवलं होतं. आता नातीचं लग्न होतं आणि त्या दिवशी त्यांना ते चालू हवं होतं. जाताना उंबऱ्यात वळून म्हणाले, "भाऊ, आत श्री उलटा आहे. विलायतेत बनवलं ना. तिथल्या कारागिराला आपली अक्षरं येत नाहीत. साहेब नेहमी सांगून हसायचे. तुम्ही उघडाल तेव्हा बघा."

आप्पा त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "शालू, त्याला हात लावू नको. ते मी बघेन." मी "हो" म्हटलं. दोन दिवस ते घड्याळ खणात होतं. आयताकृती, कडा किंचित आत वळलेल्या, मागच्या झाकणावर सूर्य आणि त्याखाली आडवी कट्यार कोरलेली. तबकडी हस्तिदंती रंगाची, काटे निळे, इतके सडपातळ की बाकीची घड्याळं त्यांच्यापुढे रांगडी वाटत. तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा काही सुटे भाग आणायला वापीला गेले, आई शेजारी पापड लाटायला गेली आणि मी खण उघडला. मला फक्त श्री बघायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. झाकण निघालं. आत सोनेरी मशीन आणि त्याच्या पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, भिंगातून दिसेल न दिसेल असा, श्री. आरशात दिसावा तसा उलटा. कोणीतरी बर्फाच्या देशात बसून, एका अक्षराचा अर्थ न कळता, किती मन लावून तो कोरला होता. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला दिसलं की तेल वाळून चिकट झालंय, बाकी सगळं धड आहे. म्हणजे हे मी आत्ता चालू करू शकते. आप्पा येतील तेव्हा ते टिकटिकत असेल.

बॅलन्स, म्हणजे टिकटिक चालवणारं चाक, उचलताना चिमटा घसरला. आवाजसुद्धा झाला नाही. केसाएवढी स्प्रिंग गुंतून पिळली गेली आणि चाकाची काडी तुटली.  आप्पा आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, भिंग लावून उजव्या डोळ्याजवळ नेलं, परत खाली ठेवलं.

"कशाले उघाडं तू?" ते एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. चिडले की ते शुद्ध मराठीत बोलायचे. अहिराणीत बोलले म्हणजे ते घाबरले होते.

त्यांनी मुंबईच्या ओळखीच्या कारागिराला पत्र टाकलं. उत्तर आलं की असा भाग मिळत नाही, घडवून घ्यावा लागेल, दिवस लागतील. लग्न आठवड्यावर होतं. मग आप्पांनी एक गोष्ट केली जी त्यांनी आयुष्यात आधी केली नव्हती. एका मोडक्या परदेशी बायकी घड्याळातलं साधं मशीन काढून त्यांनी ते त्या सोन्याच्या घरात बसवलं. म्हणजे मीच बसवलं, त्यांच्या सांगण्यावरून. वरची तबकडी तीच, काटे तेच. घड्याळ चालू लागलं. खरं मशीन कागदाच्या पुडीत, पुडी कुलूपबंद खणात. "भाग आला की बोलावून परत घालून देऊ," आप्पा म्हणाले. "तेव्हाच सगळं सांगू. आत्ता लग्नघरात कशाला?" लखमाबाबांनी घड्याळ कानाला लावलं आणि त्यांचे डोळे भरून आले. नको नको म्हणत असताना ते आईच्या हातात मोहाच्या फुलांची पिशवी ठेवून गेले. आई सुगरण, पण त्या फुलांचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. पिशवी कोपऱ्यात पडून राहिली आणि तो गोडसर, जड वास पुढे कितीतरी दिवस घरातून गेला नाही.

लग्नात ते घड्याळ सगळ्यांनी पाहिलं. पाहणाऱ्यांत साहेबांच्या जुन्या गावचंही कोणी होतं. बातमी मुंबईपर्यंत गेली आणि महिन्याभराने एका सकाळी आमच्या दुकानात तिघे जण आले. चौकीतले जमादार, रत्नागिरीकडचे, आप्पांच्या ओळखीचे. साहेबांचे पुतणे, पन्नाशीचे, अतिशय सभ्य, हातात रुमाल धरलेले. आणि त्यांच्या मागे लखमाबाबा.

"हे घड्याळ आमच्या काकांनी मुद्दाम बनवून घेतलं होतं," पुतणे म्हणाले. "अशी दोनच आहेत. हे घरातून कसं बाहेर गेलं ते आम्हाला माहीत नाही."

"साहेबांनी दिलं," लखमाबाबा म्हणाले. ते घाबरलेले नव्हते. उलट आता सगळं स्पष्ट होईल अशा खात्रीने ते उभे होते. "चोरणाऱ्याला आतलं काय माहीत असणार? आत श्री आहे, उलटा. साहेबांनी स्वतः मला सांगितलंय. भाऊ, उघडून दाखवा यांना."

जमादारांनी घड्याळ आप्पांसमोर ठेवलं. मी पडद्यामागे होते. आप्पांचे हात मी इतकी वर्षं बघत आले होते, पण झाकण उघडायला त्यांना त्या दिवशी तीन वेळा प्रयत्न करावा लागला. पुतण्यांनी वाकून पाहिलं. भिंगाची गरजच नव्हती. आत एक साधं, मळकं मशीन टिकटिक करत होतं.

"इथे काहीच नाही," पुतणे म्हणाले. "हे तर मूळचं मशीनच नव्हे. म्हणजे आतलं काढून विकलं यांनी."

जमादारांनी आप्पांना विचारलं, "भाऊ, तुम्ही दुरुस्त केलंत ना? मशीन बदललेलं होतं का?"

त्या क्षणी सगळी घड्याळं चालू होती, पण मला एकही ऐकू आलं नाही. आप्पांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना मी दिसत नव्हते, दिसणं शक्यच नव्हतं, पण त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "मी फक्त साफ केलं. आलं तेव्हा आत हेच होतं."

मला वाटलं लखमाबाबा ओरडतील.  ते हळूच बाकाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "भाऊ म्हणतात तर तसंच असेल. मी कधी उघडून बघितलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं ते मी खरं मानलं."

घड्याळ चौकीत जमा झालं. लखमाबाबांनी दर सोमवारी येऊन सही करायची असं ठरलं. सोमवारी मी शाळेतून येताना त्यांना चौकीच्या पायरीवर बसलेलं पाहिलं. सदरा इस्त्रीचाच होता. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण मला त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.  आप्पा जेवताना ताटातला घास चाचपत, आई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघे. मी विषय काढला तर आई म्हणे, "उगी ऱ्हाय. त्यांना आधीच कमी त्रास आहे का?" दुसऱ्या सोमवारी ते पुन्हा तिथे दिसले. चोरीचा आळ त्यांनी सोसला असता, असं मला आजही वाटतं. त्यांना जे कुरतडत होतं ते वेगळंच होतं, आणि ते काय हे त्या दुकानात फक्त मला आणि आप्पांना कळलं होतं. साहेबांनी आपल्याला फसवलं, पोकळ वस्तू हातात देऊन वर गोष्ट रचून सांगितली, असं ते मानून बसले होते.

त्या आठवड्यात गुरुवारी मी आप्पांच्या सदऱ्यातून खणाची किल्ली काढली, पुडी आणि भिंग घेतलं, शाळेच्या वेळेला निघाले आणि खानवेलच्या बसमध्ये बसले. सिल्व्हासा मागे पडलं की रस्ता सागाच्या झाडीत शिरतो. त्या दिवसांत पानं गळून गेलेली होती आणि उजेड थेट जमिनीपर्यंत येत होता. माझ्या शेजारी टोपल्यांत कोंबड्या घेतलेल्या दोन बायका होत्या. त्यांच्यापैकी एकीनेच मला लखमाबाबांच्या पाड्याची वाट दाखवली.

ते अंगणात बांबूच्या पट्ट्या सोलत बसले होते. मी घड्याळवाल्या भाऊंची मुलगी, असं सांगितलं. त्यांनी सुनेला पाणी आणायला लावलं. मी पाणी प्यायले नाही. पुडी उघडली, मशीन त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि भिंग त्यांच्या डोळ्याला कसं लावायचं ते दाखवलं. त्यांना आधी काहीच दिसेना. मी त्यांचा हात धरून उजेडाकडे वळवला. मग त्यांचा हात स्थिर झाला.

"उलटाच आहे," ते म्हणाले.

"माझ्या हातून तुटलं," मी म्हटलं. "आप्पांनी माझी चूक लपवायला दुसरं बसवलं. परत घालणार होते. त्या दिवशी ते माझ्यासाठी खोटं बोलले."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "पोरी, पंधरा दिवस मी साहेबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला. त्यांना आता मी काय सांगू?" आणि त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. मी तिथे रडले. सुनेने मला नाचणीची भाकरी आणि तिखट कालवण वाढलं आणि तिला काहीच माहीत नसल्यामुळे, बसमध्ये गरगरलं का, असं विचारत राहिली.

दुपारच्या बसने आम्ही दोघं सिल्व्हासाला आलो.  दुकानाच्या पायरीशी आमच्या दोघांच्या सावल्या पडल्या तेव्हा आप्पांनी मान वर केली. त्यांना चेहरे दिसले नसतील, पण मी शाळेच्या वेळेत कोणाबरोबर आले आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, भिंत धरत उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि चपला शोधू लागले. मी वाकून त्या पायाशी सरकवल्या. "चला बाबा," ते लखमाबाबांना म्हणाले, "चौकीत जाऊ."

चौकीत आप्पांनी सगळं सांगितलं. माझ्या हातून मोडल्याचंही आणि स्वतःच्या डोळ्यांचंही. जमादार लिहून घेता घेता मध्येच थांबले आणि पेन बोटांत फिरवत राहिले. दोन दिवसांनी आम्हा सगळ्यांना पुन्हा चौकीत बोलावलं आणि पुतणे आले. त्यांनी भिंगातून श्री पाहिला आणि त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाले, तक्रार मागे घेतो. तेव्हा लखमाबाबा उठले, जमादारांच्या टेबलावरचं घड्याळ आणि पुडी त्यांनी पुतण्यांच्या पुढे सरकवली.

"घेऊन जा. फक्त साहेबांनी ते मला दिलं होतं, एवढं इथे बोला."

"दिलं असेल," पुतणे म्हणाले.

"असेल नाही."

 पुतण्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. मग ते म्हणाले, "काकांनी तुम्हाला दिलं होतं." लखमाबाबांनी हात जोडले आणि ते बाहेर पडले. घड्याळ पुतण्यांनी नेलं. ते त्यांनी न्यायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, पण ज्यांचं होतं त्यांनीच ते दिलं होतं. लखमाबाबा परत कधी आमच्या दुकानात आले नाहीत. आप्पांनी दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

दुकान पावसाळ्यापर्यंत कसंबसं चाललं. भाऊंना दिसत नाही आणि पोरगी घड्याळं उघडते, हे सगळीकडे झालं. गावाकडची मुलं घड्याळ न आणता नुसती भेटायला येत, आई त्यांना पूर्वीसारखंच जेवायला घाली. मग आप्पांनी राखोलीच्या एका कारखान्यात फाटकाशेजारच्या खोलीत बसायची नोकरी धरली. आलेल्या-गेलेल्यांना ते आवाजावरून ओळखत. माझ्या हातात त्यांनी पुन्हा चिमटा दिला नाही आणि मीही मागितला नाही. मी पुढे शिकले, इथल्याच शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. आप्पा माझ्याशी वाईट वागले असं कधी झालं नाही. माझ्या निकालाचे पेढे त्यांनी स्वतः वाटले. पण त्या गुरुवारबद्दल ते एकदाच बोलले, माझ्या लग्नानंतर, अंगणात दोघंच बसलेलो असताना. म्हणाले, "तू केलंस ते बरोबर होतं. पण मला सांगून जायचं होतंस. मी तुझ्याबरोबर आलो असतो."  मला तेव्हा वाटलं होतं, सांगितलं तर ते मला जाऊ देणार नाहीत. स्वतःच्या वडिलांबद्दल मला तसं वाटलं होतं, हे त्यांना कळलं होतं.

ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, आई माझ्याकडे राहत असताना, एका सकाळी आम्ही मेथी निवडत होतो. कशावरून तरी विषय निघाला. आई जुडीवरून नजर न उचलता म्हणाली, "त्या बुधवारी त्यांनी माझ्याकडे धुतलेला सदरा काढून मागितला होता. रविवारी खानवेलला जाऊन येतो म्हणाले होते. बसची वेळसुद्धा विचारून आले होते कोणाला तरी. तू गुरुवारीच गेलीस."

मी विचारलं, हे तू मला इतकी वर्षं का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तू विचारलं नाहीस. मग ती उठून देठं टाकायला गेली. आई खोटं बोलणारी बाई नव्हती. पण आप्पांत आणि माझ्यात काही तुटलेलं दिसलं की ते सांधल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि त्या रविवारचं खरं-खोटं विचारायला आता कोणीच राहिलेलं नाही.